धरण मोखाड्यात, वाद मुंबईत : पाण्याच्या खाजगीकरणाचा अर्धा राहिलेला इतिहास (थ्रेड)

पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे द्यावा की नगरपालिकेकडेच ठेवावा, हा वाद महाराष्ट्रात निघाला की तीन नावे हमखास पुढे येतात : मुंबईचा के-पूर्व विभाग, लातूर आणि नागपूर. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक या वादाची खरी कसोटी तिथेच लागते. त्या तीन शहरांत नळ कोणी चालवायचा याचे भांडण झाले. नळातले पाणी ज्या खोऱ्यातून येते तिथल्या माणसाचा त्यावर हक्क कोणता, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

आधी के-पूर्वची हकीकत. अंधेरी, जोगेश्वरी आणि विलेपार्ले यांचा पूर्वेकडचा भाग म्हणजे मुंबई महापालिकेचा के-पूर्व विभाग. २००६ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने ‘कॅस्टालिया’ या सल्लागार संस्थेकडे या विभागातील पाणीवाटपाचा अभ्यास सोपवण्यात आला. गळती किती, चोरी किती, मीटर किती चालतात, आणि वाटपाचे काम खाजगी कंपनीला दिले तर काय साधेल, असा त्या अभ्यासाचा रोख होता. ३ जून २००६ च्या जाहीर सल्लामसलतीत नागरिक संघटनांनी सल्लागारांना धारेवर धरले. पुढे खाजगी कंत्राटाची कल्पना मागे पडली.

विरोधकांची बाजू भक्कम होती, हे मान्य करायला हवे. पाणीखाते तोट्यात नाही, मग कंपनी कशासाठी. गरीब वस्तीतील दर कोण ठरवणार. नफा कंपनीचा आणि धोका महापालिकेचा असे होणार नाही कशावरून, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. पण ‘पाणी सार्वजनिक आहे’ हे जे वाक्य त्या काळात वारंवार उच्चारले गेले, त्यातील ‘सार्वजनिक’ या शब्दाची हद्द मुलुंड-दहिसरच्या जकातनाक्यापाशी संपत होती.

ही हद्द जुनी आहे, आणि तिचा इतिहास रंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनला पाणी विकत होत्या त्या खाजगी कंपन्या. १८५४ च्या पटकीच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरने साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लँबेथ या दोन कंपन्यांच्या गिऱ्हाइकांतील मृत्यूंची तुलना केली, आणि पटकी पाण्यातून पसरते या मताला पुरावा मिळाला. तरीही लंडनचे पाणी सार्वजनिक मंडळाच्या हाती जायला १९०२ चा कायदा यावा लागला. मुंबईत मात्र हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेतून उभा राहिलेला विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला तो सरकारी पैशाने, आणि त्याचे कर्ज पुढे नगरपालिकेच्या माथी आले. साम्राज्याच्या राजधानीत कंपन्या आणि वसाहतीतल्या बंदरात सरकारी तलाव, असा तो उलटा मामला होता.

त्याआधी मुंबईचे पाणी विहिरींचे आणि तळ्यांचे होते, आणि त्यातील पुष्कळशा विहिरी व्यापाऱ्यांच्या दानधर्मातून बांधलेल्या. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची. शहर वाढले, तळी गढूळ झाली आणि नजर बेटाबाहेर गेली. विहार आणि १८७९ चा तुळशी तलाव साष्टी बेटावरचे. १८९२ चा तानसा ठाणे जिल्ह्याच्या आतील डोंगरात. तानसा ही वैतरणेची उपनदी, म्हणजे शहराने वैतरणेच्या खोऱ्यात पाऊल टाकले ते तेव्हाच.

स्वातंत्र्यानंतर पाऊल आणखी आत गेले. १९५७ चे मोडकसागर हे महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाचे. हेच मोडक अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ च्या बृहन्मुंबई आराखड्याचे कर्ते. शहर कुठवर पसरणार आणि त्याला पाणी कुठून आणायचे, हे दोन्ही विचार एकाच डोक्यात चालत होते, हे त्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मग नाशिक जिल्ह्यात वरची वैतरणा झाली. १९९४ मध्ये माधवराव चितळे समितीने मुंबईसाठी पुढचे टप्पे सुचवले : मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ. त्यातील मध्य वैतरणा मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे उभी राहिली. १०२ मीटर उंचीचे हे धरण २०१४ साली लोकार्पित झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर हा नवा जिल्हा निघाला.

आता आकडे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. पैकी वरची वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३० आणि मोडकसागर १,२८,९२५. एकाच नदीवरच्या या तीन जलाशयांत मिळून सुमारे ३८ टक्के साठा झाला. तानसाचे १,४५,०८० त्यात मिळवले, तर वैतरणेच्या खोऱ्याचा वाटा ४८ टक्क्यांवर जातो. मुंबईच्या जवळजवळ निम्म्या साठ्याचे पाणी एका खोऱ्यातले आहे, आणि त्या खोऱ्याच्या माथ्यावरचे पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

हे कसे घडते, याचे उत्तर निम्मे भूगोलात आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी नाही. अडीच हजार मिलिमीटरच्या वर तो सहज जातो. पण खाली बेसॉल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पडलेले पाणी मुरण्याआधी धावते. पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा पाहायला येणाऱ्या पर्यटकाला जे वैभव वाटते, ते वस्तुतः हातातून निसटणारे पाणी असते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहिरी तळ गाठतात. एप्रिल-मे मध्ये झऱ्याच्या खड्ड्यात वाटीवाटीने पाणी गोळा करून हंडा भरायचा आणि चढ चढून घरी यायचे, हे बायकांचे काम.

भूगोलाचा दुसरा भाग अधिक निर्णायक आहे. नदी खोल दरीतून वाहते, गावे आणि पाडे वरच्या माळांवर वसले आहेत. धरणाचे पाणी दरीत साठते. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणून ते पाणी बहुतांशी उतारानेच, स्वतःच्या वजनाने, बोगद्यांतून आणि जलवाहिन्यांतून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. मोखाड्याच्या पाड्यावर तेच पाणी न्यायचे तर शेकडो फूट वर चढवावे लागते. पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. शंभर किलोमीटरवरचे शहर अशा रीतीने धरणाला ‘जवळ’ पडते आणि धरण डोळ्यांना दिसणारे गाव ‘लांब’ पडते. जलवाहिनीच्या काठच्या काही गावांना महापालिका पाणी देते, हे खरे. पण ती गावे वाहिनीच्या वाटेवरची, म्हणजे पुन्हा उतारावरचीच.

निम्मे उत्तर इतिहासात आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. महादेव कोळी जमातीचे हे राजघराणे चौदाव्या शतकापासून इथे नांदले. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे यांची भेट शिरपामाळ येथे झाली, अशी परंपरा आहे. १९१८ साली संस्थानाने नगरपालिका स्थापली. एवढ्या लहान डोंगरी गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. जयसागर धरणातून जव्हार शहराला आजही पाणी येते, आणि तो पुरवठा नगरपरिषदच चालवते. शेजारचा मोखाडा मात्र संस्थानात नव्हता. तो ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता, पेट्याला ना राजा ना नगरपालिका. मोखाड्याला नगरपंचायत मिळाली ती अगदी अलीकडे.

संस्थानी काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः जंगलाचे होते, आणि जंगल म्हणजे ठेकेदाराला विकलेले लाकूड. ब्रिटिश हद्दीत त्याहून वेगळे काही चालत नव्हते. डोंगरातून वस्तू खाली न्यायची, तिचा भाव खाली ठरायचा आणि डोंगराला मजुरी मिळायची, ही घडी आधीच बसलेली होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि नऊच वर्षांत मोडकसागर भरले. लाकडाच्या जागी पाणी आले एवढेच.

या साऱ्या व्यवहारात खाजगी कंपनी कुठे होती? धरणाचे बांधकाम करणारे ठेकेदार सोडले तर कुठेच नाही. ठराव महापालिकेचा, आरक्षण शासनाचे, जमीन संपादन सरकारी, मालकी सार्वजनिक. सार्वजनिक असूनही खोऱ्याला न्याय मिळाला नाही, ही वस्तुस्थिती खाजगीकरणाच्या विरोधकांना अडचणीची वाटते, म्हणून ती बोलली जात नाही. समर्थकांनाही तिचा उपयोग नाही, कारण त्यांचे लक्ष मीटरवर असते.

मोखाड्यात खाजगी क्षेत्र आहे, पण वेगळ्या वेषात. ते टँकर होऊन येते. टंचाई जाहीर होण्याची पद्धत ठरलेली आहे : ग्रामपंचायतीची मागणी, पंचायत समिती आणि तहसील यांची पाहणी, मग मंजुरी. सरकारी टँकर मोजके, म्हणून निविदा काढून खाजगी टँकर लावले जातात आणि क्षमता व अंतर यांच्या हिशेबाने त्यांचे पैसे दिले जातात. टँकर पाड्यावर येतो आणि पाणी विहिरीत ओततो, मग विहिरीभोवती झुंबड उडते. शासनाच्या साप्ताहिक टंचाई अहवालात शासकीय टँकर आणि खाजगी टँकर असे दोन निराळे रकानेच असतात. टंचाईतला निकष दरडोई दरदिवशी २० लिटरचा. मुंबईतील इमारतींसाठी महापालिकेचा निकष १३५ लिटरचा आहे.

हा टँकर म्हणजे पाणीपुरवठ्यातील खाजगी सहभागाचा सर्वांत वाईट नमुना आहे, असे म्हणायला हरकत नाही. नागपूरच्या कंपनीशी झालेल्या करारात निदान उद्दिष्टे आहेत, मुदत आहे, दंड आहे. टँकरच्या ठेक्यात असे काही नसते. जूनमध्ये पाऊस पडला की ठेका संपतो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा सुरू होतो. टंचाई दूर झाली तर ठेकेदाराचा धंदा बुडतो. राहिली तर चालतो. यात ठेकेदाराला खलनायक ठरवण्याची गरज नाही. व्यवस्थाच अशी आहे की पंचवीस वर्षे टँकरवर पैसे ओतूनही पाड्याला एक वीत पाइप मिळत नाही.

आणि मोठी कंपनी इथे कधीच येणार नाही. २०११ च्या जनगणनेत जव्हार शहराची लोकसंख्या बारा हजारांच्या घरात होती. मोखाड्याच्या पाड्यांत पाच-पन्नास घरे, मध्ये दऱ्या, पाणी वर चढवण्याचा खर्च अवाढव्य आणि बिल भरण्याची ऐपत नगण्य. भांडवल के-पूर्वकडे पाहते, नागपूरच्या धरमपेठेकडे पाहते. त्यामुळे ‘खाजगी की सरकारी’ हा पर्याय मोखाड्यापुढे कधी ठेवलाच गेला नाही.

नागपूर आणि लातूर यांची उदाहरणे या अंगाने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. नागपुरात धरमपेठेतील प्रायोगिक टप्प्यानंतर २०१२ पासून संपूर्ण शहराचे वाटप २५ वर्षांसाठी ‘ऑरेंज सिटी वॉटर’कडे गेले. विश्वराज आणि व्हिओलिया यांची ही कंपनी. व्हिओलियाचे मूळ १८५३ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या काळात निघालेल्या ‘कोंपानी जेनेराल देझो’ या कंपनीत आहे. म्हणजे नागपूरच्या नळामागे दीडशेहून अधिक वर्षांचा धंद्याचा अनुभव उभा आहे. चोवीस तास पाण्याचे आश्वासन किती पाळले गेले आणि बिले किती चढली, यावर नागपुरात वाद चालूच आहे. पण पाणी येते ते पेंच प्रकल्पातून. पेंचच्या खोऱ्यातल्या विस्थापितांचे प्रश्न त्या करारापूर्वीही होते आणि नंतरही आहेत. करार वाटपाचा असल्याने त्यात त्यांना जागा नव्हती.

लातुरात २००८ साली वाटपाचे काम खाजगी कंपनीकडे गेले. मीटर आणि दरवाढ यांविरुद्ध शहर पेटले, आणि तो करार काही वर्षांतच गुंडाळला गेला. सार्वजनिक व्यवस्थेचा विजय झाला असे म्हटले गेले. मग मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला धावली. रिकाम्या धरणापुढे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद सारखेच निरुपयोगी ठरले.

देशाबाहेरचे प्रसिद्ध उदाहरण बोलिव्हियातील कोचाबांबाचे. २००० साली तिथल्या जनतेने ‘आग्वास देल तुनारी’ या कंपनीला हुसकावून लावले आणि जगभरच्या चळवळींना एक विजयकथा मिळाली. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पुरवठा पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे आला, तरी शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्या पुढेही वर्षानुवर्षे टँकरचे महाग पाणी विकत घेत राहिल्या. तिथवर नळच गेला नव्हता, आणि नवे पाणी आणणारे मिसिकुनी धरण रखडले होते.

यावरून खाजगीकरण निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सार्वजनिक व्यवस्थेत एक गोष्ट असते, जी कंपनीकडे नसते : तिच्याविरुद्ध नागरिक म्हणून दाद मागता येते. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय दिला की पाण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि अनधिकृत झोपडीत राहतो म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. खाजगी कंपनीच्या गिऱ्हाइकाला असा निर्णय मिळवता आला नसता. पण झोपडीतील माणूस निदान महापालिकेच्या हद्दीत होता. कोचाळ्याच्या माणसाने दाद कोणापुढे मागायची? मुंबईच्या महापौराला त्याचे मत नको असते, आणि त्याच्या ग्रामपंचायतीला जलाशयावर अधिकार नसतो. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे असे सांगितले जाते. मुंबईचेही पिण्याचे आणि मोखाड्याचेही पिण्याचे, अशा वेळी तो अग्रक्रम मुकाच राहतो.

हा प्रश्न जुन्या कागदपत्रांपुरता असता तर इतिहासाच्या पुस्तकात ठेवून देता आला असता. तसा तो नाही. चितळे समितीच्या यादीतील दोन नावे बाकी आहेत. वाडा तालुक्यात ओगदे येथे गारगाई धरण व्हायचे आहे, मुंबईला दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी. जव्हारच्या पिंजाळ नदीवरचा प्रकल्प ८६५ दशलक्ष लिटरचा. त्याच्याच जोडीला दमणगंगा-पिंजाळ नदीजोड. त्यात भुगड आणि वाघ नदीवरचे खारगीहिल ही दोन धरणे बांधून पाणी बोगद्याने पिंजाळकडे वळवायचे आहे. या तिन्ही योजनांत बुडणारी जमीन आदिवासींची आणि वनखात्याची आहे, आणि भरणाऱ्या टाक्या मुंबईच्या आहेत.

मुंबईला पाणी नको असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. सव्वा कोटी माणसांची तहान ही काही चैन नव्हे, आणि त्यांतले कित्येक जण याच डोंगरातून उठून गेलेले आहेत. प्रश्न किमतीचा आहे. पाणी वर चढवायच्या पंपाचा आणि त्याच्या विजेचा खर्च ग्रामपंचायतीला झेपत नाही, म्हणून अनेक ग्रामीण योजना उद्घाटनानंतर बंद पडतात. हा खर्च मुंबईच्या पाणीपट्टीत घालता येईल. दररोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी वाटणाऱ्या महापालिकेच्या हिशेबात दोन डोंगरी तालुक्यांच्या उपशाचे वीजबिल ही फार मोठी रक्कम ठरू नये. शिवाय ते उपकार म्हणून देऊ नये. पाण्याच्या उत्पादनखर्चाचा भाग म्हणून, शुद्धीकरणाच्या तुरटी-क्लोरीनसारखे, दर वर्षी मांडावे. मग वाटप उद्या कंपनीने केले काय आणि महापालिकेने केले काय, ते कलम दोघांवरही सारखेच बंधनकारक राहील.

जलजीवन मिशनने २०१९ पासून ग्रामीण घराला दरडोई ५५ लिटरचा नळ देऊ केला आहे, आणि जव्हार-मोखाड्यातही त्याची कामे निघाली. पण नळ बसवणे आणि नळाला मे महिन्यात पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या विहिरीवर योजना बेतलेली आहे ती विहीरच मार्चमध्ये आटत असेल, तर खात्रीचा उद्भव उरतो तो दरीतला जलाशयच.

गारगाईचे पाणी बोगद्यातून मोडकसागरात सोडण्याची योजना आहे, तेही उतारानेच. वरच्या पाड्यांसाठी उपसा विहीर कुठे खोदायची, पंप किती अश्वशक्तीचा लागेल आणि त्याचे बिल कोणी भरायचे, हे ठरवून त्याच अंदाजपत्रकात घालायचे असेल, तर ते निविदा निघण्यापूर्वीच घालावे लागेल.